हिरड्याची टाकी आणि मोरचुदाची पानं

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे यशोगाथा मागितली. शब्द त्यांचाच. नाशिकच्या एका कारखान्यात झाडपाल्याच्या अर्काने लोखंड कसं वाचवलं, हे दिवाळीत वाचायला छान वाटेल, असं ते फोनवर म्हणाले. हिरड्याच्या ढिगाशेजारी काढलेला फोटो असेल तर पाठवा, असंही म्हणाले. फोटो आहे. त्यात ढीग आहे, मी आहे, कारखान्याचे मालक आहेत. ज्याने पहिला हिरडा आणला तो माणूस नाही, कारण फोटोच्या वेळी त्याला ‘जरा बाजूला हो’ असं सांगितलं होतं. तो माणूस या श्रावणात गेला. त्यामुळे यशोगाथा लिहायला बसले की हात थांबतो आणि डोकं तापतं.

मी तशी रागावणारी बाई नाही. इंदिरानगरच्या वाचनालयात माझी ओळख ‘त्या हळू बोलणाऱ्या मॅडम’ अशी आहे. पण राग आला आहे, आणि तो सावकाश, नीट वाक्यांत लिहायचा असं ठरवलं आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा झिंक प्लेटिंगचा कारखाना होता; मी तिथे केमिस्ट. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लिपा, पट्ट्या आमच्याकडे यायच्या. त्यांवर जस्ताचा पातळ थर चढवून आम्ही त्या परत पाठवायचो. जस्त चढवण्याआधी लोखंडावरचा गंज काढावा लागतो आणि त्यासाठी माल अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवतात. अडचण अशी, की गंज कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं हे अ‍ॅसिडला कळत नाही. ते गंज खातं आणि मग लोखंडही खात सुटतं. तेव्हा टाकीत बुडबुडे उठतात, त्यांच्याबरोबर अ‍ॅसिडचे तुषार उडतात, आणि ते टाकीवरच्या माणसाच्या डोळ्यांत, घशात जातात. म्हणून टाकीत असं एक द्रव्य घालतात, जे उघड्या लोखंडाला चिकटून बसतं आणि अ‍ॅसिडला पुढे जाऊ देत नाही. पुस्तकात त्याला रोधक म्हणतात. कामगार ‘दवा’ म्हणायचे.

ही दवा बाजारातून ड्रममध्ये यायची. ड्रमवर कवटीचं चित्र आणि झाकण उघडलं की सडक्या मासळीचा वास. टाकीवरची माणसं जेवायला बसली तरी तो वास त्यांच्या बोटांना असायचा.

झाडपाल्यात हेच काम करणारी द्रव्यं असतात, हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं. लोखंडी कढईत आवळा शिजवून पाहा. आवळा काळा पडतो आणि कढईलाही काळा पापुद्रा धरतो. तुरट फळांतलं द्रव्य लोखंडाला असं घट्ट धरून बसतं. हिरडा तर आवळ्याहून तुरट. पूर्वी हिरडा आणि लोखंड एकत्र भिजवून शाई करत. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचून, टिपणं काढून, कपाटात ठेवलेलं होतं. वापरायचं सुचलं ते किसनला.

किसन टाकीवरचा ऑपरेटर. घोटीच्या पलीकडे डोंगरात त्याचं गाव, शिक्षण सातवी. तरुणपणी दर हंगामाला तो पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरायचा, मग कारखान्यात लागला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. मी त्याला किसनभाऊ म्हणायची, तो मला ताई. एकदा दवेचे ड्रम संपले आणि नवे यायला आठवडा होता. तरी काम चालूच. किसन लाल डोळ्यांनी प्रयोगशाळेच्या दारात आला.

“ताई, एक इचारू? हसनार नाय ना?”

“विचारा.”

“आमच्याकडं हिरडा कोयत्यानं फोडत्यात. कोयता तसाच ठिवला तरी काळा पडतो, पर गंजत नाय. टाकीत हिरडाच टाकला तर?”

मी हसले नाही. मला लाज वाटली. पुढच्या सोमवारी तो घरून पिशवीभर हिरडा घेऊन आला. आम्ही तो ठेचला, कोमट पाण्यात रात्रभर भिजवला, गाळला. दोन काचपात्रांत अ‍ॅसिड घेतलं, एकात हिरड्याचं पाणी घातलं, दोन्हींत वजन केलेला एकेक खिळा सोडला. चार तासांनी नुसत्या अ‍ॅसिडमधला खिळा टोकाशी सुईसारखा झाला होता. हिरड्यातला काळवंडला होता, पण अंगाने तसाच. किसन त्याच्याकडे बघत म्हणाला, “आमच्या म्हातारीनं कारखाना काढाया पायजे व्हता.”

पुढची काही वर्षं माझ्या नोकरीतली सर्वांत चांगली. पहिल्यांदा घोटीच्या बाजारात हिरडा घ्यायला गेलो तेव्हा आम्ही पोत्यांत मागतोय हे पाहून व्यापाऱ्याने चष्मा वर केला. “म्याडम, अख्ख्या एमआयडीसीला बद्धकोष्ठ झालंय का?” एका गिऱ्हाईक कंपनीचा तरुण इंजिनियर टाकीजवळ येऊन हुंगत म्हणाला, “इथे चहा कोण करतंय?” किसनने गंभीर चेहऱ्याने त्याला टाकी दाखवली. “बिनसाखरेचा हाय सायब. घेनार?” टाकीवरचा धूर कमी झाला. माणसांचे डोळे निवळले.

किसनने एक पद्धत पाडली. रोज सकाळी माल सोडण्याआधी तो दोऱ्याला एक खिळा बांधून टाकीत सोडायचा, तेवढ्या वेळात चहा प्यायचा, मग खिळा काढून फडक्याने पुसून उजेडात धरायचा. खिळा पाहिल्याशिवाय टाकी सुरू होत नसे. घाई असली तरी नाही. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बारीक ठिपके पडले तर अर्क कमी, नुसताच काळा तर ठीक, हे त्याने स्वतः ठरवलं आणि मी नंतर मापून पाहिलं तर ते बरोबर होतं.

या कामावर मी पुण्याच्या एका परिसंवादात निबंध वाचला. त्यावर माझं नाव होतं आणि मालकांचं होतं. मालकांना आम्ही सगळे नाना म्हणत असू. पिंपळगाव बसवंतकडचं शेतकरी घर, मोठी द्राक्षबाग, त्यातून उभा केलेला कारखाना. किसनचं नाव घालावं का, असं मी त्यांना विचारलं होतं. विचारायची काही गरज नव्हती, निबंध माझा होता. नाना म्हणाले, “ऑपरेटरचं नाव? अहो, शिकलेल्या लोकांत बरं दिसतं का ते?” मी म्हटलं, तेही खरंच. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा म्हटलं आहे. गेलेल्या दिवसांविषयी लिहिताना ‘माणूस तसा वाईट नव्हता’ असं म्हणायची पद्धत आहे. नानांविषयी मी तसं म्हणणार नाही. स्वतःविषयीही नाही.

मग पानांचं खूळ आलं. एका उन्हाळ्यात नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“म्याडम, हिरडा डोंगरातून आणायचा, फोडायचा, भिजवायचा. किती उस्तवार! आपल्या बागेत छाटणीला ट्रॅक्टर भरभरून पानं पडतात. द्राक्षाच्या पानात तुरटपणा नसतो का?”

“असतो.”

“मग? घरचं सोडून बाहेरचं कशाला? आणि नाव कसं होईल बघा. नाशिकच्या द्राक्षांनी जपलेलं लोखंड!”

मी तपासून सांगते म्हटलं. तपासायला पानं हवी होती. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या फाटकावर द्राक्षाचा वेल चढवलेला होता. हौसेचा वेल, त्यावर कधी कसली फवारणी झालेली नव्हती. मी तिथून पिशवीभर पानं मागून आणली. पिंपळगाव लांब आणि बंगला शेजारी, एवढंच कारण. अर्क उत्तम निघाला, हिरड्याच्या जवळपास उतरला. मी अहवाल लिहिला : ‘द्राक्षवेलीच्या पानांचा अर्क वापरास योग्य.’ खाली सही. कुठल्या वेलीची पानं, ते लिहिलं नाही. मला वाटलं, पान ते पान.

द्राक्षबाग जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगते. पावसाळाभर बागेवर मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण फवारतात, बुरशी येऊ नये म्हणून. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत पानांवर त्याचे निळसर-पांढरे डाग बसलेले असतात. आणि तांब्याच्या क्षारात लोखंड बुडवलं की लोखंडावर तांबं चढतं. हा शाळेतला प्रयोग आहे. निळ्या पाण्यात खिळा टाकून तो लाल झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हे तांबं भुसभुशीत बसतं. त्याच्यावर चढवलेलं जस्त आज चकाकतं आणि उद्या सुटतं.

छाटणी झाली, नानांचा ट्रॅक्टर आला. किसनने मूठभर पानं उचलली आणि सरळ माझ्याकडे आला.

“ताई, ही निळी हायेत. मोरचूद हाय यांच्यावर.”

मी पान हातात घेतलं. निळं होतं. मला दिसलं.

“धुऊन घ्या,” मी म्हटलं.

“ताई, पावसानं जाऊ नये म्हनून तर चुना घालत्यात त्यात. म्या मारलाय फवारा, माझा हात निळा असायचा महिनाभर. पावसानं जात नाय ते नळानं जाईल व्हय?”

यावर रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर बाईने उत्तर दिलं, “दोनदा धुवा.” कारण नाना खाली उभे होते, ट्रॅक्टर त्यांचा होता आणि अहवालावर माझी सही होती. पानं उकळायलाही नाना तयार नव्हते. “चहाच्या पिशवीसारखी पोत्यात बांधून सोडा की टाकीत.” पोती सोडली. पाण्याने जे निघत नव्हतं ते अ‍ॅसिडमध्ये आरामात निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनने निरोप पाठवला. मी खाली गेले. टाकी बंद होती, माल टांगलेलाच होता आणि किसनच्या हातात दोऱ्याला लोंबणारा खिळा होता. तांबूस.

“लाजला बगा ताई,” तो म्हणाला. तो हसत नव्हता.

मी तो खिळा घेऊन नानांच्या केबिनमध्ये गेले. फाटकाशी गिऱ्हाइकाचा ट्रक उभा होता.

“हा रंग झिंकखाली झाकला जाईल ना?” नानांनी विचारलं.

“झाकला जाईल. पण झिंक टिकणार नाही.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे आज टिकेल.”

ते खाली आले. किसन टाकीसमोर उभा होता. म्हणाला, “नाना, ही टाकी ओतावी लागंल.”

“केमिस्ट तू का म्याडम?”

“म्याडमच. पर खिळा लाल हाय.”

नाना माझ्याकडे वळले. “काय म्याडम, चालू करायची ना?”

पंधरा-वीस माणसं काम थांबवून बघत होती. मी मान हलवली. होकार की नकार हे मलाही कळू नये अशा बेताने हलवली. नानांना कळलं. त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि माल खाली गेला. किसनने टाकीच्या वहीत त्या दिवशी लिहिलं : ‘खिळा लाल. टाकी बंद केली. नानांनी चालू केली.’ अक्षर मोठं, शाळकरी. ती वही पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. मी शोधली नाही, हेही खरं.

तीन आठवड्यांनी माल परत आला. नखाने खरवडलं तर जस्त कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघत होतं आणि खाली गंज. गिऱ्हाईक कंपनीचे दोन अधिकारी आले, त्यांना लेखी कारण हवं होतं. नानांनी केबिनचं दार लावलं.

“पानांवर आलं तर बघा म्याडम, रिपोर्ट तुमचा आहे. सही तुमची.”

“पण किसनने टाकी थांबवली होती.”

“कामगार काही बोलणार नाहीत. आणखी कुणाला माहीत?”

“मला.”

“मग झालं तर. आपल्या दोघांतच आहे.”

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, सफाईदार. टाकीतील वेळ आणि अर्काचं प्रमाण ऑपरेटरने न पाळल्यामुळे दोष उद्भवला. मूळ कारण, मानवी चूक. पुन्हा असं होऊ नये म्हणून संबंधित कामगारास कामावरून कमी करण्यात येत आहे. मानवी चूक! चूक मानवीच होती. एकाने बटण दाबलं, एकीने मान हलवली. त्या कागदावर मात्र जो मानव होता, त्याने त्या दिवशी तिथे एकमेव बरोबर गोष्ट केली होती.

संध्याकाळी किसन प्रयोगशाळेत आला. अहवालाची प्रत टेबलावर होती. मराठी तो चांगलं वाचायचा; या कागदाकडे बघून त्याने विचारलं, “ताई, काय लिवलंय?”

मी म्हटलं, “तांत्रिक आहे, किसनभाऊ.”

“बरं,” तो म्हणाला. शनिवारी त्याला कमी केलं.

अंबडमध्ये प्लेटिंगवाले एकमेकांना ओळखतात. किसन जिथे जाई तिथले लोक आमच्याकडे फोन करत, आणि आमच्याकडून सांगितलं जाई, टाकी घालवली त्याने. टाकीवर त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही. तो घोटीला एका भातगिरणीत पोती उचलायला लागला. एवढी वर्षं अ‍ॅसिडच्या धुरात काढलेली छाती आणि वर भाताचा तूस. मी त्याला एकदाही भेटायला गेले नाही. घोटी काही विलायतेत नाही.

कारखान्यात आम्ही गाजावाजा न करता पुन्हा हिरड्यावर आलो. पुढे पर्यावरणस्नेही उद्योग म्हणून फाटकाजवळ पितळी पाटी लागली. खिळ्याची पद्धत आता छापील नियमावलीत आहे, ‘दैनंदिन खिळा चाचणी’. तयार करणार म्हणून खाली माझं नाव आहे. ते मीच टाइप केलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले आणि निरोपाच्या वेळी मला शाल मिळाली.

या श्रावणात किसन गेल्याचं एका जुन्या कामगाराने कळवलं. दशक्रियेला मी दारणा नदीच्या काठावरच्या घाटावर गेले. आपल्या भागात दशक्रियेला प्रवचन होतं आणि मग माइकवर एकेक जण श्रद्धांजली वाहतो, हे माहीत होतं. नानाही येतील हे माहीत नव्हतं. घोटीकडे त्यांचे हितसंबंध आहेत. पांढरे कपडे घालून ते पुढच्या खुर्चीत बसले होते. सूत्रसंचालकाने त्यांना आधी बोलावलं. नाना बोलले. किसन आमच्या घरातलाच माणूस होता. कष्टाळू, प्रामाणिक. एक चूक झाली हातून, पण आम्ही मनात ठेवली नाही.

‘मनात ठेवली नाही.’ मी आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. उठले. सूत्रसंचालक पुटपुटला, “ताई, दोनच मिनिटं हां, पाऊस येतोय.” मला तेवढी लागलीच नाहीत. मी म्हटलं, किसनभाऊंच्या हातून चूक झाली नव्हती. खराब झालेली टाकी त्यांनी ओळखली आणि बंद केली होती. नानांनी ती चालू केली, मी होकार दिला आणि नंतर खोटा कागद लिहिला. त्या कागदामुळे त्यांची नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही. कागदावर माझी सही आहे.

काय झालं? फारसं काही नाही. कसली टाकी, हे निम्म्या लोकांना कळलं नसावं. नानांनी मोबाइल काढून कानाला लावला आणि बोलत बोलत गाडीकडे गेले. सूत्रसंचालक म्हणाला, मॅडमनी आपल्या भावना व्यक्त केल्या, यानंतर पंचायत समितीचे माजी सदस्य बोलतील. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. वाटलं नाही. अशा गोष्टी वेळ टळून गेल्यावर बोलणं फार सोपं असतं, हेच कळलं.

निघताना किसनच्या बायकोला भेटले. हिराबाई बायकांच्या घोळक्यात खाली बसली होती. मी तिच्यासमोर टेकले, तर तिने बाजूच्या बाईला सरकायला सांगून मला जागा दिली.

“टाकीचं म्हाईत व्हतं मला,” ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं व्हतं समदं. तुमी मान हालवली त्ये बी.”

“ते काही बोलायचे का, माझ्याबद्दल?”

“नाय. गावात लोकं इचारायची, काय रं किसन, टाकी बुडवली म्हनं. त्ये गप ऱ्हायचे. कुनाला पटवायचं?” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. “ताई, मंग तवाच का नाय बोलल्या?”

खोटं बोलायची आता हिंमत नव्हती.

“नोकरीची भीती होती,” मी म्हटलं.

तिने पदर सारखा केला.

“नोकरी त्यांला बी व्हती, ताई.”